नात्याचे चिंतामणराव

चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीत तेलंगणाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुलं पुस्तकांवर वाकलेली दिसतात. ग्रुप-वन, ग्रुप-टू, सिव्हिल्स अशा सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षांसाठी. शेजारच्या अशोकनगरातले क्लासेस, हॉस्टेलं आणि झेरॉक्सची दुकानं याच मुलांच्या जिवावर चालतात. तिथून विद्यानगर फार लांब नाही. दुर्गाबाई देशमुखांनी वाढवलेल्या आंध्र महिला सभेचा पसारा तिथे आहे. दुर्गाबाईंचे पती चिंतामण द्वारकानाथ देशमुख याच हैदराबादेत २ ऑक्टोबर १९८२ रोजी वारले. ही मुलं जिची स्वप्नं पाहतात, त्या परीक्षेच्या आयसीएस अवतारात ते १९१८ साली लंडनला पहिले आले होते.

मराठी माणसाला मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी दिलेला अर्थमंत्रिपदाचा राजीनामा तेवढा ठाऊक असतो. तो देणारा माणूस मात्र मध्यप्रांत-वऱ्हाडच्या महसुली दप्तरात घडला.

जन्म १४ जानेवारी १८९६, रायगडाजवळच्या नाते गावी. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, शिवाय संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक. पण आयसीएसच्या नोकरीत जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचं काम अंगावर आलं की पहिला नंबर कामाला येत नाही. मातीचा कस, पीक, कुळाचा खंड, मालगुजाराचा वाटा हे सगळं गावोगाव पाहून सारा ठरवायचा. आकडा चुकला तर पुढची कित्येक वर्षं कुळं भरडली जाणार. कागदावरच्या आकड्यामागे माणूस उभा असतो, हे भान या कामातून आलं आणि पुढे सुटलं नाही, असं मला त्यांची कारकीर्द वाचताना सतत वाटतं.

१९४३च्या ऑगस्टमध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढच्या वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात होते. फाळणीनंतर जून १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँकेला दोन्ही देशांचं चलन सांभाळावं लागलं. १ जानेवारी १९४९ रोजी बँक सरकारी मालकीची झाली, तेव्हाही गव्हर्नर तेच होते. १९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं आणि १९५२ साली ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले.

मला थांबावंसं वाटतं ते जानेवारी १९५६च्या एका आठवड्यापाशी. १६ तारखेला नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर केलं. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. लगेच तीन दिवसांनी, १९ जानेवारीला, त्याच आकाशवाणीवरून देशमुखांचा आवाज आला : आयुर्विमा सरकारच्या ताब्यात येत आहे. कंपन्यांना मालमत्ता हलवायला सवड मिळू नये म्हणून वटहुकूम गुप्त ठेवला होता. दीडशेहून अधिक देशी कंपन्या आणि लाखो विमेदारांचे पैसे त्यात गुंतलेले. मतदारसंघ मुंबईला लागून, मनात काय चाललं असेल ते सांगायला नको. तरी हातातलं काम त्यांनी अर्धवट टाकलं नाही.

जुलैमध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. लोकसभेतल्या निवेदनात मराठी अस्मितेइतकाच रोख कार्यपद्धतीवर होता : मुंबईबद्दलचा निर्णय पंतप्रधानांनी मंत्रिमंडळाला विचारात न घेता जाहीर केला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. आपण त्या राजीनाम्यातला त्वेष जपला, पण त्यातला हा प्रशासकीय मुद्दा विसरलो, याची मला खंत वाटते. निर्णय कोणी, कुठे बसून, कोणाला विचारून घेतला, हे विचारणं बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याला अंगवळणी पडलेलं असतं. गोळी कोणाच्या हुकमाने सुटली, हा प्रश्नही त्याच जातीचा.

आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झालं, तेव्हा अर्थखातं टी. टी. कृष्णम्माचारींकडे होतं. देशमुखांनी स्वतःचा पक्ष काढला नाही. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५९ साली शासकीय सेवेसाठीचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्या दिवशीही ते आयोगाच्या अध्यक्षपदावरच होते.