तीन पानांचा हिशेब

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, बलिप्रतिपदा म्हणतो. तिचे आणखी एक नाव आहे, द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले, अशी कथा त्यामागे सांगतात. गुजरातेत आणि उत्तरेत दिवाळीच्या रात्री पत्ते खेळण्याची चाल आहे. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, पत्त्यांच्या रात्री रंगतात त्या गणपतीच्या जागरणाला. मुहूर्त कोणताही असो, मेंढीकोट आणि रमी उरकली की मध्यरात्रीनंतर चटईवर तीन पत्ती येते. हा पोकरचा आपल्याकडला भाऊबंद. इंग्रजांच्या ‘ब्रॅग’शी त्याचे नाते त्याहूनही जवळचे.

आमच्या मित्रांची अशी बैठक वीस वर्षे चालू आहे. सुरुवातीला सगळ्यांचे पगार सारखेच होते. आज एकाचा कारखाना आहे आणि एक जण शिकवण्या घेतो. बूट, म्हणजे डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाने टाकायचे पैसे, दोघांना तेवढेच. खेळ दोघांना सारखाच आहे का, हा प्रश्न त्यामुळे मला पडला. तो सोडवायला आधी पानांचा हिशेब मांडावा लागतो.

५२ पानांतून ३ पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी ट्रेल (तिन्ही पाने एकाच किमतीची) ५२ प्रकारे, प्युअर सिक्वेन्स ४८, साधी सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६ आणि जोडी ३,७४४ प्रकारे बनते. उरलेल्या १६,४४० हातांत काहीच नसते. तिथे मोठे पान बघायचे. म्हणजे दर चार हातांपैकी जवळजवळ तीन हात रिकामे!

या आकड्यांत एक गंमत आहे. दुर्मीळ हात वरचा, हा पत्त्यांतला सर्वसाधारण न्याय. त्या न्यायाने ४८ प्रकारांची प्युअर सिक्वेन्स ५२ प्रकारांच्या ट्रेलच्या वर हवी. आपण मात्र तीन एक्क्यांना सर्वांत वर बसवतो. तिथे गणितापेक्षा मान मोठा ठरला आहे. उलट सिक्वेन्स कलरच्या वर धरतात, ते बरोबर आहे. पाच पानांच्या पोकरमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो, कारण तिथे कलर अधिक दुर्मीळ.

आता ‘ब्लाइंड’ पाहू. पाने न बघता खेळणारा, बघून खेळणाऱ्याच्या निम्मे पैसे टाकतो. नवख्याला हा वेडेपणा वाटतो. पण सगळे हात किमतीनुसार ओळीने लावले तर बरोबर मधला हात राजाचा येतो. एक्का किंवा त्याहून चांगले काही मिळण्याची शक्यता केवळ ४३ टक्के. म्हणजे दोघेच उरले असतील आणि समोरचा ब्लाइंड असेल, तर हातातला नुसता एक्काही बऱ्यापैकी भक्कम असतो. सहा जण खेळत असताना मात्र हेच पान फसवे. इतर पाचांपैकी एकाकडे तरी जोडी किंवा त्याहून वरचे काही असण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के होते. कुशल खेळाडू पानांइतकीच माणसेही मोजतो, ती यासाठी.

इथवर कारखानदार आणि शिकवणीवाला सारखेच आहेत. फरक पडतो चालीत. प्रत्येक चालीला आधीची रक्कम दुप्पट करता येते. ५ रुपयांपासून निघून दहा वेळा दुप्पट केले की आकडा ५,१२० वर पोचतो. ज्याच्या खिशात ५०० आहेत, त्याला वाटेतच पाने टाकावी लागतात. मग ती चांगली असली तरी काय?

संभाव्यताशास्त्रात याचे जुने गणित आहे. दोघांची जिंकण्याची शक्यता अगदी सारखी आहे, प्रत्येक डावाला ठरावीक सारखीच रक्कम लागते आणि एकाचे पैसे संपेपर्यंत खेळायचे आहे, असे धरा. एकाकडे ५०० आणि दुसऱ्याकडे ५,००० असतील, तर ५०० वाला कफल्लक होण्याची शक्यता ११ पैकी १० असते. खेळात लबाडी कुठेच नाही. अकराव्या वेळी तो ५,००० जिंकेलही, म्हणून सरासरीने हिशेब बरोबर जुळतो. पण घरी जाताना खिशात सरासरी नसते. दहा रात्रींचे हरणे त्याला पुरवायचे असते आणि त्याच्याकडे एकच रात्र असते.

तिसरा घटक नाल. अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून स्वतःसाठी काढतो, तो वाटा. पाच जणांनी ५०० प्रमाणे २,५०० आणले, रात्रभरात ६० डाव झाले, प्रत्येकात सरासरी १०० रुपये जमले आणि ५ टक्के नाल निघाली, असे समजू. सकाळपर्यंत ३०० रुपये चटईवरून उठलेले असतात. घरगुती खेळात एकाचे गेलेले दुसऱ्याला मिळते. नाल आली की सगळे मिळून हरतात.

कायद्याचे लक्षही इथेच असते. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या करताना जागा चालवणाऱ्याचा नफा हा कळीचा मुद्दा आहे. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात, १९६८ चा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. गेलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचे आणि काय टाकायचे ते ठरवावे लागते, हे त्याचे कारण. तीन पानी खेळ मात्र निव्वळ नशिबाचा, असे त्याच निकालात म्हटले आहे. पाने वाटल्यावर ती बदलता येत नाहीत, हे खरेच आहे. कौशल्य उरते ते पैसे लावण्यात, आणि तिथे मोठा खिसा कौशल्याचे सोंग सहज घेतो.

म्हणून जाणत्या घरांतले साधे नियम मला शहाणपणाचे वाटतात. सगळ्यांना सारख्याच कवड्या किंवा चिंचोके, चालीला कमाल मर्यादा, उधारी नाही, मधेच भर नाही, नाल नाही आणि उठायची वेळ आधीच ठरलेली. यांतला प्रत्येक नियम दोन खिशांमधले अंतर तेवढ्या रात्रीपुरते मिटवतो. आम्ही अलीकडे चिंचोक्यांवर आलो आहोत. शिकवणीवाला आता ब्लाइंड खेळतो, आणि कारखानदाराला पहिल्यांदाच पाने बघून विचार करावा लागतो.