हे भोक कोणाचे?

यंदा हाउसच्या इंग्रजी नाटकात मी रोमच्या गर्दीत होतो. संवाद चारच, त्यामुळे तालमीत अँटनीचे भाषण रोज ऐकायला मिळाले.

शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये ब्रूटस अँटनीला अट घालतो : आम्हाला दोष द्यायचा नाही. अँटनी उघडपणे देतही नाही. ब्रूटस सन्माननीय आहे, असे तो पुन्हा पुन्हा म्हणतो आणि मध्ये मध्ये सीझरची चांगली कामे सांगतो. तीन-चार वेळा ऐकल्यावर तोच शब्द शिवीसारखा वाटतो. मृत्युपत्र दाखवतो, पण वाचत नाही. ‘वाच, वाच’ असे आम्हीच ओरडतो.

मला सगळ्यात धूर्त वाटला तो सीझरचा झगा. हे भोक कॅशिअसचे, हे कास्काचे, असे अँटनी बोट ठेवून दाखवतो. पण खुनाच्या वेळी तो तिथे नव्हताच! ट्रेबोनिअसने त्याला आधीच बाहेर नेले होते. आठ दिवस त्या भोकांकडे बघून मी ओरडत होतो, हे एकदाही सुचले नाही.

पुढच्या प्रवेशात गर्दीला सिना नावाचा कवी सापडतो. कटवाल्याशी फक्त नाव जुळते. मी कवी आहे, असे तो ओरडून सांगतो. आम्ही तरीही त्याला धरायचो. एकदा तर सरांना दोनदा शिट्टी वाजवावी लागली.