संदेशाधारित प्रणयकादंबरी

संदेशाधारित प्रणयकादंबरी हा प्रणयकादंबरीचा एक उपप्रकार आहे. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या दोन व्यक्तींमध्ये लघुसंदेश, ईमेल किंवा तत्सम लिखित माध्यमातून जुळत जाणारे नाते हा या कादंबऱ्यांचा विषय असतो. हा प्रकार पत्रात्मक कादंबरीला जवळचा आहे. चुकलेला क्रमांक वा पत्ता हे यातील कथानकाचे एक प्रचलित निमित्त होय.

इतिहास

या कल्पनेचा उगम मोबाइलच्या बराच आधीचा आहे. अमेरिकन लेखिका एला चीव्हर थेयर यांच्या 'वायर्ड लव्ह' (१८७९) या कादंबरीत तारयंत्र चालवणारी नॅटी दूरच्या केंद्रातील 'सी' नावाच्या अनोळखी सहकाऱ्याशी तारेवरून संवाद साधते. पुढे एक तोतया 'सी' म्हणून तिला भेटतो आणि तिचा भ्रमनिरास होतो.

ऑस्ट्रियन लेखक डॅनिएल ग्लाटाउअर यांची 'गुट गेगेन नॉर्डविंड' (२००६) ही जर्मन कादंबरी संपूर्णपणे ईमेलच्या स्वरूपात आहे. नियतकालिकाची वर्गणी बंद करण्यासाठी एमीने पाठवलेला ईमेल चुकून लिओकडे जातो. जर्मन लेखिका सोफी क्रामर यांच्या 'एसएमएस फ्यूर डिश' (२००९) मध्ये नायिका दिवंगत प्रियकराच्या क्रमांकावर संदेश पाठवत राहते. तो क्रमांक आता दुसऱ्याच व्यक्तीकडे असतो. या कादंबरीवर २०१६ मध्ये जर्मन चित्रपट निघाला. 'लव्ह अगेन' (२०२३) या त्याच्या इंग्रजी रूपांतरात प्रियांका चोप्रा यांनी नायिकेची भूमिका केली.

आकर्षणाची कारणे

या कादंबऱ्यांत वाचक आणि पात्र एकाच पातळीवर असतात. समोरच्या व्यक्तीचा चेहरा, आवाज वा सामाजिक स्थान पात्राला ठाऊक नसते. केवळ संदेशांतून कथा सांगितली असल्यास ते वाचकालाही कळत नाही. त्यामुळे शब्दांची निवड, विनोद आणि उत्तराला लागणारा विलंब यांवरून दोघेही व्यक्तीचा अंदाज बांधतात. अनोळखीपणामुळे परिचितांसमोर न बोलता येणारे दुःख किंवा एकटेपण व्यक्त करणे पात्रांना सोपे जाते.

मात्र याच अनोळखीपणात धोकाही असतो. मनातील प्रतिमा प्रत्यक्षाशी जुळेल याची खात्री नसते आणि समोरची व्यक्ती खरी आहे की नाही, हेही निश्चित नसते. म्हणून प्रत्यक्ष भेट हा कथानकातील निर्णायक प्रसंग ठरतो. ग्लाटाउअर यांच्या कादंबरीत ही भेट शेवटपर्यंत होत नाही. एमीच्या अखेरच्या ईमेलला केवळ यंत्रणेचे स्वयंचलित उत्तर येते.