खेकड्यांवर खापर

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे मेली. दोनच दिवसांत त्यावेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी आरोपी जाहीर केले. कोण? तर खेकडे! धरण गळते आहे, ही गावकऱ्यांची तक्रार मात्र आधीचीच होती.

खेकडा बीळ करतो, हे खोटे नाही. पण मग ती बिळे पाहायची कोणी? मातीच्या धरणाच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग आणि कडेला सांडवा. अशा भिंतीतून थोडे स्वच्छ पाणी झिरपणारच. तेच पाणी गढूळ येऊ लागले, की भिंत आतून पोखरत चालली असे समजायचे. सांडवा तुंबून पाणी माथ्यावरून गेले, तर काही तासांत भिंत कापली जाते. ओढ्याचा लोंढा अडवून हळूहळू सोडणारा छोटा बांध गाळाने भरला, की लोंढ्याला जागाच उरत नाही. हे समजायला इंजिनिअर कशाला हवा?

१९४३ साली दामोदर नदीला महापूर आला, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी पूर, वीज, सिंचन यांचा एकत्र विचार मांडला. त्याच वर्षी कटकला त्यांनी सांगितले की जादा पाणी हे संकट नव्हे, ते साठवले पाहिजे. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झाले. पुराचा प्रश्न त्यांनी नशिबावर सोडला नाही, खेकड्यांवर तर नाहीच.

२०२१ मध्ये केंद्राने धरण सुरक्षा कायदा केला. तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे, आणि १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. त्याहून बुटके बांध कायद्याबाहेर! गावाच्या सखल अंगाला, ओढ्याकाठी आपली वस्ती कोणी ढकलली, हे वाचकांना माहीत आहे. वरच्या बांधाची पाहणी कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. पावसाळ्यात वस्तीतल्या चौघांनी भिंतीच्या पायथ्याशी जाऊन यावे. पाणी गढूळ दिसले तर त्याच दिवशी तहसीलदाराकडे लेखी द्यावे आणि पोच घ्यावी.