खरजेचा दीर्घ मागोवा

घरोघरी परिचित असलेल्या खरजेचे कारण विद्वानांच्या पचनी पडण्यास जवळजवळ दीड शतक लागले. १६८७ साली इटलीतील लिव्होर्नो येथे बोनोमो आणि चेस्तोनी यांनी रुग्णाच्या त्वचेतून काढलेला, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा जीव सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळून त्याचे वर्णन फ्रांचेस्को रेदी यांना लिहिलेल्या पत्रात केले. गरीब स्त्रिया आपल्या लेकरांच्या अंगातून हेच किडे टाचणीने टिपून काढीत, हे बोनोमोने आधीच पाहिले होते. शरीरातील दोष बिघडल्याने खरूज होते, या प्राचीन सिद्धांतापुढे मात्र त्या प्रत्यक्ष प्रमाणाची दाद लागली नाही. अखेर १८३४ साली कॉर्सिकाहून पॅरिसला शिकावयास आलेल्या रेनुची याने, आपल्या मुलखातील बायका करीत तसाच, सुईच्या टोकावर किडा काढून दाखविला, तेव्हा वादाचा निकाल लागला.

प्रसाराची रीत उमगण्यास आणखी शतक लोटले. दुसऱ्या महायुद्धात शेफील्ड येथे केनेथ मेलनबी यांनी, सद्विवेकाला स्मरून युद्धास नकार देणाऱ्या स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखविले, की अंथरूण-पांघरुणापेक्षा निकट अंगस्पर्श हाच लागणीचा मुख्य मार्ग असून, पहिल्या लागणीत कंड सुटण्यास महिनाभर लागू शकतो. अर्थात निरोगी दिसणारा मनुष्यही या अवधीत रोग पसरवीत असतो.

औषधांचा क्रम गंधकाच्या मलमापासून बेंझिल बेंझोएट, पर्मेथ्रिन व आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या इथवर आला. फिजीतील बेटांवर साऱ्या वस्तीला एकदमच या गोळ्या दिल्यावर खरजेचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले, आणि २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने या व्याधीस उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत दाखल केले.

या साऱ्या इतिहासाचा इत्यर्थ एकच आहे: खरूज एका माणसाची नसते, कुटुंबाची असते. म्हणून बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर वा बेंबीभोवती पुटकुळ्या दिसून रात्री खाज वाढली, आणि घरात दुसरेही कोणी खाजवीत असले, तर लाज न बाळगता वैद्यकीय सल्ला घ्यावा. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडची मलमे लावू नयेत, कारण त्यांनी लक्षणे झाकली जातात, किडा मरत नाही. पर्मेथ्रिन दिले असेल, तर ते खाज नसलेल्यांसकट घरातील सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळव्यांपर्यंत लावावे, कपडे व चादरी गरम पाण्यात धुवाव्यात, आणि आठवड्याने हाच उपचार पुन्हा करावा. त्यानंतरही काही आठवडे कंड रेंगाळतो. तेवढ्यावरून उपचार फसला असे समजू नये.