आधी सुईट, मग बॅले: प्रोकोफिएव्हचा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’

आजचा विषय सर्गेई प्रोकोफिएव्ह. बॅलेच्या संगीतातून केलेला ‘सुईट’ म्हटलं की साधारण कल्पना अशी असते: बॅले गाजतो, मग संगीतकार त्यातले तुकडे निवडून मैफलीसाठी एक संच बांधतो. नाच नाही, पडदा नाही, नुसता ऑर्केस्ट्रा. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चं मात्र उलटं झालं. सुईट आधी वाजले, बॅले नंतर रंगमंचावर आला.

झालं असं की, १९३५ च्या उन्हाळ्यात प्रोकोफिएव्हने पोलेनोवोला बसून हे संगीत लिहिलं. कथानकात सर्गेई राडलोव्ह आणि आद्रियान पिओत्रोव्स्की सोबतीला होते. गंमत म्हणजे पहिल्या आराखड्यात ज्युलिएट वेळेत जागी होते आणि दोघंही वाचतात! कारण काय, तर जिवंत माणसं नाचतात, मरणारी आडवी पडून कशी नाचणार? तर्क म्हणून बिनतोड आहे. पण शेक्सपिअरचा शेवट बदलल्यावर ओरड झाली आणि दुःखान्त परत आला.

मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरमध्ये मात्र हे संगीत नाचण्याजोगंच नाही, असं ठरलं. वर काळ वाईट. २८ जानेवारी १९३६ ला ‘प्रावदा’ने शोस्ताकोविचच्या ऑपेराची चिरफाड केली, ६ फेब्रुवारीला त्याच्या एका बॅलेची. त्या बॅलेच्या कथानकातही पिओत्रोव्स्कीच होता. पुढच्याच वर्षी त्याला अटक झाली आणि गोळी घातली गेली. अशा हवेत बोल्शॉयचा प्रयोग बारगळला यात नवल नाही.

आता दोन तासांहून जास्त संगीत लिहून तयार, आणि रंगमंच बंद. मग प्रोकोफिएव्हने सात-सात तुकड्यांचे दोन सुईट बांधले. पहिला नोव्हेंबर १९३६ मध्ये मॉस्कोत वाजला, दुसरा एप्रिल १९३७ मध्ये लेनिनग्राडला. शिवाय दहा तुकडे पियानोसाठीही केले.

हे नुसतं कॉपी-पेस्ट नाही हं. दुसऱ्या सुईटचा पहिला तुकडा घ्या, ‘माँटेग्यू आणि कॅप्युलेट’. सुरुवातीला पितळी वाद्यांचा कर्कश, चढत जाणारा आवाज येतो, एकदम तुटतो, आणि मागे तंतुवाद्यांचा अगदी हळू सूर उरतो. बॅलेत ही जागा भांडणानंतर राजाने दिलेल्या ताकिदीची. त्याला लगेच जोडलाय सरदारांचा तो जड पावलांचा नाच, जो बॅलेत बराच पुढे, मेजवानीत येतो. आधी धमकी, मग ज्यांना ती दिली त्यांचा माज. मधे बासरीवर ज्युलिएटचा पॅरिसबरोबरचा नाच येतो आणि तीच मूळ चाल पुन्हा येते, तेव्हा ती सॅक्सोफोनवर असते. म्हणजे गोष्टीचा क्रम मोडला, पण अर्थ घट्ट झाला. आम्ही याला रिफॅक्टरिंग म्हणतो. माझ्या मते हा तुकडा बॅलेपेक्षा सुईटमध्येच जास्त भिडतो.

पहिला सुईट तर गोष्ट अर्धीच सांगतो. बाल्कनीतल्या प्रेमप्रसंगानंतर थेट टायबाल्टचा मृत्यू, आणि संपलं. ज्युलिएटचं मरण ऐकायला १९४६ साली वाजलेल्या तिसऱ्या सुईटपर्यंत थांबावं लागतं.

आणि बॅले? तो पहिल्यांदा झाला ३० डिसेंबर १९३८ ला, रशियात नाही, तर चेकोस्लोव्हाकियातल्या बर्नोला. एकाच अंकाचा, आणि संगीत बहुतेक पहिल्या दोन सुईटमधलंच! बॅलेतून निघालेल्या सुईटमधून पुन्हा बॅले झाला. प्रोकोफिएव्हला मात्र तिथे जाता आलं नाही. लेनिनग्राडचा मोठा प्रयोग ११ जानेवारी १९४० ला झाला, नृत्यरचना लाव्रोव्स्कीची, ज्युलिएट गालिना उलानोव्हा. तेव्हाही कलाकारांना ताल पकडणं जड गेलंच.

ऐकायचं असेल तर पहिल्या सुईटचा शेवटचा तुकडा आधी लावा. पळापळीचं संगीत थांबलं की पूर्ण ऑर्केस्ट्रा एकेक ठोका मारत जातो. मोजून बघा, पंधरा भरतात. त्यानंतर जी अंत्ययात्रा सुरू होते, ती हेडफोनवर ऐका.