बांधाचं भांडण आणि खंडपीठाची पायरी

खालच्या कोर्टात निकाल विरोधात गेला की मराठवाड्यातल्या पालम तालुक्यातला पक्षकार हमखास म्हणतो, ‘औरंगाबादला बघून घेऊ.’ या भरवशाला इतिहास आहे. १९५६ पर्यंत मराठवाड्याचं उच्च न्यायालय हैदराबादेत होतं, त्यानंतर मुंबईत. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादेत खंडपीठ बसू लागलं. त्यालाही आव्हान मिळालं, उच्च न्यायालयाने ते बसवण्याचा आदेशच रद्द केला आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. इतक्या झगड्यानंतर अंतर कमी झालं. अपिलाचा कायदा मात्र तोच राहिला. तो फौजदारीत एक मापाचा आहे, दिवाणीत दुसऱ्या. आणि पालमसारख्या ठिकाणचे बहुतेक पक्षकार नेमके इथेच फसतात.

आधी फौजदारी घ्या. सत्र न्यायालयाने खुनात जन्मठेप दिली, तर खंडपीठात अपील करणं हा आरोपीचा हक्क आहे. न्यायमूर्ती साक्षी नव्याने वाचतात: पंचनाम्यावरची वेळ, शवविच्छेदनाचा अहवाल, उलटतपासात साक्षीदार कुठे अडखळला, सगळं. आरोपीचा वकील गैरहजर राहिला म्हणून अपील निकालात काढता येत नाही, कागद वाचून गुणदोषांवरच निकाल द्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने बानीसिंग खटल्यात १९९६ मध्ये सांगितलं. निर्दोष सुटकेविरुद्धचं अपील मात्र कठीण. पुराव्यावरून दोन निष्कर्ष निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा निष्कर्ष टिकतो. फिर्यादीकडच्या मंडळींना हा अन्याय वाटतो, पण सुटलेला माणूस दुहेरी निर्दोष धरला जातो, हे तत्त्व चंद्रप्पा खटल्यात २००७ मध्ये नीट मांडलेलं आहे.

दिवाणीत उलट. शेजाऱ्याने बांध कोरून जमीन दाबल्याचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालतो, पहिलं अपील जिल्हा न्यायाधीशांकडे जातं आणि खंडपीठात पोहोचतं ते दुसरं अपील. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये १९७६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच हे अपील ऐकलं जातं. बांध कुठे होता, ही वस्तुस्थिती आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्दीची रेषा नसते. ती ठरते भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने, आणि तीसुद्धा दोन्ही गटांची, शेजाऱ्याला नोटीस देऊन केलेली हवी. फक्त आपल्या गटाची मोजणी करून आणलेला नकाशा उलटतपासात पाच मिनिटं टिकत नाही. मोजणी करणारा साक्षीला आलाच नाही, तर तो नकाशा सिद्धही होत नाही. एवढं राहून गेल्यावर वरच्या कोर्टात कितीही नामांकित वकील दिला तरी तो काय करणार?

यावर आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे: तालुक्याला गरिबाचा वकील कमी पडला, त्याची शिक्षा त्याने आयुष्यभर का भोगावी? एक तर पहिलं अपील हे संपूर्ण फेरसुनावणीचंच असतं. जिल्हा न्यायाधीशांनी वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही तपासून कारणं दिली पाहिजेत, असं संतोष हजारी खटल्याचा २००१ चा निकाल बजावतो. तिथे केवळ उपचार म्हणून हजर राहणं हीच खरी चूक. दुसरं म्हणजे, पुरावा डावलून किंवा पुराव्याशिवाय काढलेला निष्कर्ष हाही कायद्याचाच प्रश्न ठरतो. हरियाणा वक्फ बोर्डाच्या हद्दीच्या वादात मोजणीसाठी कोर्ट कमिशनर नेमायला हवा होता, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं, आणि उच्च न्यायालयाने फेटाळलेलं दुसरं अपील त्यावर तगलं. पण तिथे कमिशनरची मागणी खालीच केलेली होती.

आता कोणी म्हणेल, मग कलम १०० च सैल करा. तसं केलं तर प्रत्येक बांध तीनदा मोजला जाईल, आणि ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसा आहे त्याचीच मोजणी शेवटची ठरेल. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही उच्च न्यायालय बसतं. तिकडच्या सहा जिल्ह्यांचा प्रवास वाचला, पण दुसऱ्या अपिलाची अट तिथेही हीच आहे. पालमच्या शेतकऱ्याने खर्च करायचा तो दावा दाखल झाल्याबरोबर, आदेश २६ नियम ९ खाली कमिशनर मागण्याच्या अर्जावर. तो अर्ज फेटाळला गेला तरी चालेल, रेकॉर्डवर राहतो.